दोन तांबे पाणी

अण्णासाहेबांनी कासारसाईच्या धरणावर सव्वीस वर्षं पाटकरी म्हणून शेतांना पाणी सोडलं. रोज सकाळी पाऊस किती पडला, धरणात पाणी किती, हे ते स्वतःच्या वहीतही लिहून ठेवत. निवृत्तीनंतर वह्यांना वाळवी लागली, तेव्हा दोन बोटांनी दोन वर्षं खपून त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि पोखरलेल्या वह्या बंबात घातल्या. आता त्या नोंदी त्या एका डब्यात होत्या, आणि डबा रोज दोनदा बंद पडत होता.

म्हणून नवा आणला, नेमका खंडेनवमीला. जुन्याच्या वायरी काढून तो ओट्यावर ठेवला आणि अण्णासाहेब नव्यापुढे बसले. नवा काही केल्या दार उघडेना. आधी भाषा विचारली, मग जन्मतारीख, मग फोनवर आलेला आकडा. फोनला रेंज फक्त गच्चीवर. ते वर जात, आकडा तळहातावर लिहीत, गुडघा धरून उतरत, तोवर आकड्याची मुदत संपलेली. तिसऱ्यांदा नव्याने सांगितलं, उद्या प्रयत्न करा. एवढ्या नोकरीत त्यांनी एकाही शेतकऱ्याला उद्या ये म्हटलं नव्हतं.

चिडून ते बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले.

अंगणात कोयते, खुरपी, फवारणीचा पंप धुऊन पूजेला मांडले होते. ओळीच्या शेवटी जुना कॉम्प्युटर होता. निथळत होता. कपाळी हळदकुंकू, डोक्यावर झेंडू. शेजारी त्यांची बायको रंभाबाई पदराला हात पुसत उभी.

 अण्णासाहेबांच्या तोंडून प्रश्न फुटला तो पाटकऱ्याचाच.

"किती वतलंस?"

"दोन तांबे. लई राबलाय त्यो तुमच्यासंगं. समदी हत्यारं न्हाली, त्यालाच पारोसा ठिवू व्हय?"

अण्णासाहेब पायरीवर बसले ते बसलेच.

माडीवर भाड्याने राहणारी लातूरची किमया हिंजवडीत कॉम्प्युटरचंच काम करी. तिला बोलावलं. डबा पाहून तिचाही चेहरा उतरला. तिने आतली तळहाताएवढी डिस्क काढून पुसली. नोंदी हिच्यात असतात, तीन दिवस अगदी कोरडी राहू द्या, मग नशीब, असं ती म्हणाली. रंभाबाईंनी डिस्क फडक्यात गुंडाळून आंबेमोहोर तांदळाच्या डब्यात पुरली, आणि डबा उघडायचा नाही म्हणून तीन दिवस घरात भाकरीच झाली. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्यांना अण्णासाहेब पायरीवरच बसलेले दिसले; त्यांना वाटलं, तब्येत बिघडलीय.

चौथ्या दिवशी फोनवरचा तो आकडा गच्चीवरून किमयानेच धावत खाली आणला, नव्याचं दार उघडलं आणि डिस्क जोडली. पडदा कितीतरी वेळ कोराच. मग ओळी उमटू लागल्या, पहिल्या वर्षापासून, एकही दिवस न गळता. अण्णासाहेबांचे जोडलेले हात सुटेनात.

सुटले तेव्हा त्यांनी दोन बोटांनी खाली आणखी एक नोंद केली, आणि रंभाबाईंनी विचारलं म्हणून वाचून दाखवली. खंडेनवमी. पाऊस नाही. अंगणात पाणी, दोन तांबे.

"अडीच ल्हिवा," त्या म्हणाल्या. "फुलावर शिपडलं ते तुमी धरलंच न्हाई."