स्टीलचा गिअर
हाताला ग्रीसचा वास आला की आमची दोघांची शेवटची संध्याकाळ आठवते. बायकोला आडवं झालं की दम लागायचा, म्हणून खाटेची डोक्याकडची फळी हँडलनं वर-खाली करायचं मशीन मी घरीच बनवत होतो. त्याला अंबडच्या कारखान्यांतून दोन वर्म गिअर, म्हणजे मळसूत्रावर फिरणारी दातेरी चाकं, आणले होते, एक पांढरा प्लास्टिकचा, एक स्टीलचा. तिनं दोन्ही हातात घेऊन पाहिले. म्हणाली, "हा पांढरा बसवा, आवाज नाय करायचा." मी म्हणालो, "दोन महिन्यांत दाते झिजतील त्याचे." ती हसली. "अहो, मला कुठं दोन महिने काढायचेत?" मी लय चिडलो. "गप बस, येडे," म्हणालो अन् स्टीलचाच बसवला. हँडल फिरवून फळी उचलून दिली, ती टेकून झोपली. पहाटे हात लावला तर अंग गार. सकाळी शेजारचे जमले, लेक-जावई आले. तिला सरळ झोपवायला जावई फळी दाबायला लागला, फळी हलेना. वर्म गिअरचं तसंच असतं, वरून कितीही दाबा, तो उलटा फिरत नाय, हँडलच फिरवावं लागतं. "सरका," मी म्हणालो. खाली बसलो अन् एकेक फेरा देत तिला मीच आडवी केली.