गड्डा न धरणारा कोबी

बाल्कनीतल्या कुंडीत मी केल लावलाय, कोबीचाच जुना, कुरळ्या पानांचा भाऊबंद. शेजारच्या काकू रोज कठड्यावरून वाकून विचारतात, "धरला का गं गड्डा?"

"हा धरतच नाही, काकू. नुसती पानं खायची."

"अगंबाई!" त्या हळहळतात. नाटकात रमलेल्या माझ्या लेकाचीही त्या याच सुरात चौकशी करतात, "लागला का कुठे?" सगळं गोल, घट्ट झालेलं बघायची आपल्याला केवढी घाई!

काल त्यांना डबाभर पानं दिली. डबा रिकामा परत करणं त्यांना जमत नाही. आज त्यातून अळूवडीसारख्या खरपूस वड्या आल्या. लेकाने उभ्याउभ्याच चार फस्त केल्या.

"गड्ड्यावाचून काही अडलं नाही हो," काकू खुशीत म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या, "तुझं पुढचं नाटक कधी आहे रे?"