प्राचीचा फेडर

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्यासोबत रोजची उठबस त्या मित्रांजवळही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. मधेच विषय बदलायला लागलो तर बदलू देऊ नका.

मी डीजे आहे. अंजूरला राहतो, सामानाचा गाळा रस्त्यालाच, भिवंडीपासून पडघ्यापर्यंत हळदी वाजवतो. लोकांना वाटतं, डीजे म्हणजे हात वर करून नाचणारा माणूस. अर्धं खरंय. खरं काम आदल्या दिवशी, लॅपटॉपसमोर. गाणी साफ करायची, सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणायचा, ठेका मोजून खुणा लावायच्या. मला त्याचा भयंकर कंटाळा. ते काम प्राची करायची — माझ्या काकांची मुलगी.

आमच्याकडची हळदीची जुनी गाणी बेंजो-बँडवाल्यांनी बसून हातानं वाजवलेली. ठेका मधेच चढतो, मधेच बसतो. सॉफ्टवेअर तिथं हमखास गंडतं. प्राची हेडफोन लावून, टेबलावर बोटं आपटत, ठोक्याठोक्याला हातानं खुणा लावायची. तिची गाणी एकातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्याचा पाय कधी अडखळला नाही. मग मी जेवायला गेलो की ती वाजवायलाही लागली. आणि माझ्यापेक्षा चांगली वाजवायची — हे सांगतानासुद्धा आज मला त्रास होतोय. पडघ्याच्या एका पार्टीनं फोनवर विचारलं, त्या ताई येणार ना? बस, तेवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

काकांना तिचं वाजवणं पसंत नव्हतं. खूप विनवण्या केल्यावर म्हणाले, आपल्या गावच्या हळदीला, आपल्या माणसांसमोर एकदा वाजव, मग बघू. म्हणजे तिचं पुढचं सगळं त्या एका संध्याकाळवर होतं. मला हे माहीत नव्हतं का? होतं. काकांना मीच तर तयार केलं होतं. मोठा भाऊ ना मी.

आता कंट्रोलरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लॅपटॉपला जोडलेली ती बटणांची पेटी. डावीकडे एक गाणं, उजवीकडे दुसरं, मधे सरकवायचा फेडर. ज्या बाजूला न्याल तिकडचं गाणं ऐकू येतं, मधे ठेवला तर दोन्हीकडचं. सेटिंगमध्ये एक टिक असते — ती केली की फेडर उलटा चालतो. काहींना तशी सवय असते. आमच्यात कुणालाच नव्हती.

त्या संध्याकाळी प्राची मस्त वाजवत होती. मधे बायकांनी तिला हळद लावायला बोलावलं. नेहमीप्रमाणे फेडर मधे ठेवून ती गेली. आणि मी — हो, मीच — ती टिक केली. साधं एक क्लिक.

ती आली, गालाला हळद. नवरदेवाला खांद्यावर घेऊन मामा मांडवात शिरला. इथं गाणं बदलायलाच लागतं, सगळे त्यासाठीच थांबलेले असतात. तिनं फेडर सरकवला. नवं गाणं येईना, जुनंच वाजत राहिलं. तिनं पुन्हा ढकलला, मग घाबरून जुनं बंद केलं — आणि मांडव गप्प. मामा खांद्यावर नवरदेवाला घेऊन तसाच उभा. मागून कुणीतरी बोललं, "ह्ये पोरींचं काम न्हाय." लोक हसले. काकांनी मान खाली घातली. मग मी पुढं झालो, तिचा हात बाजूला केला, फेडर उलट्या टोकाला नेला आणि गाणं सुरू केलं. शिट्ट्या पडल्या. मला त्या शिट्ट्या आवडल्या, हेही सांगून टाकतो. सामान भरायच्या आधी टिक काढली.

त्यानंतर तिनं कंट्रोलरला हात लावला नाही. आता मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करते. आणि मी? तिनंच खुणा लावलेली गाणी वाजवून पोट भरतोय. लाज वाटते, पण गाणी तीच वाजवतो.

इथंच थांबता आलं असतं. पण याहून वाईट परवा झालं. ड्युटीला जाता जाता ती गाळ्यावर आली. कंट्रोलर टेबलावरच होता, ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "दादा, त्या दिवशी मीच उलटीकडं सरकवला असणार. इतकी वर्षं बोलायची हिंमत झाली नाही. तुझं नाव घालवलं असतं मी. माफ कर मला."

सांगायची वेळ हीच होती ना? समोर उभी होती. मी तोंड उघडलंसुद्धा.

"अगं, जाऊ दे," म्हणालो. "केलं माफ."

तिचा चेहरा हलका झाला. जाताना बरं वाटलं म्हणाली, आणि रिक्षात बसून ड्युटीला गेली.