आभाळात टांगलेला हॉटस्पॉट

आमच्या गावात मोबाइलची रेंज फक्त माकडांना मिळते. जमिनीवर शून्य, गच्चीवर एक काडी, आणि कडुनिंबाच्या शेंड्यावर दोन! (हा शोध माझा. मला खाली उतरवायला अर्धं गाव लागलं.)

अशा गावातून माझ्या लेकीला, मनीषाला, लॅपटॉपवर मुलाखत द्यायची होती. तीही मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या कंपनीची! खरं तर ती शहाद्याला जाणार होती, पण पावसाने नाल्यावरचा फरशीपूल पाण्याखाली गेला आणि एसटी बंद. पोरगी रडकुंडीला आली. वर्षभर अभ्यास केलेला तिने. मला बघवेना.

तेवढ्यात मला फुगा आठवला. मेहुण्याने शहाद्यात खताचं दुकान उघडलं, तेव्हा गच्चीवर हेलियमचा भलामोठा लाल फुगा उडवला होता. 'बघतो आणि देतो' म्हणून आदल्याच दिवशी मी तो टेम्पोत बांधून घरी आणला होता.

"फुग्याले मोबाइल बांधसू, हॉटस्पॉट चालू करसू, आनि वर सोडसू!" मी जाहीर केलं.

"तुमनं डोकं पयलेच हवामा शे," बायको म्हणाली.

पण फुगा चढला! माझा मोबाइल केळीच्या बागेवर डोलू लागला आणि ओसरीत मनीषाचा लॅपटॉप जोडला गेला. "नमस्कार सर," तिचा आवाज आला. मी अंगणात दोरी धरून उभा. छाती फुग्यापेक्षा जास्त फुगलेली.

आणि आभाळातून कानबाईचं गाणं सुरू झालं!

ती माझी रिंगटोन. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण तोंडावर आला म्हणून आईनेच लावायला लावलेली. फोन आला, की नेट बंद. मनीषाचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठले. आता फोन कट करायला वर कोण जाणार? (फोन मेहुणा करत होता, हे नंतर कळलं. फुगा परत मागायला!)

मी दोरी ओढू लागलो, तर गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन धावत आल्या. सगळ्यांत पुढे माझी आई.

"कानबाई वरथून गाई ऱ्हायनी, आनि तू तिले खाले वढी ऱ्हायना?"

"माय, तो मन्हा मोबाइल शे!"

"गप ऱ्हाय! देवीले मोबाइल म्हनस?"

दोरीला कुंकू लागलं, मग माझ्या कपाळाला, मग कानाला. गाणं थांबलं की साहेब बोलू लागत, साहेब बोलू लागले की पुन्हा मेहुण्याचा फोन! बायाही आता टाळ्या वाजवत गाऊ लागल्या.

शेवटी मनीषा लॅपटॉप घेऊन अंगणातच आली आणि तिने कॅमेरा फिरवला. लाल फुगा, गाणाऱ्या बाया, कुंकवाने माखलेला बाप. गेली नोकरी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "गावात टॉवर नाही, म्हणून बाबांनी हा टांगलाय. तेवढ्या उंचीवर रेंज येते, म्हणजे टेकडी आड येतेय. टॉवर टेकडीवरच बसवला, तर खालची सगळी गावं..."

ती बोलतच सुटली. साहेब आधी हसले, मग ऐकू लागले. मेहुण्याची बॅटरी बहुधा संपली असावी.

मनीषाला नोकरी लागली! पहिल्याच कामाला ती साहेबांना घेऊन आमच्याच टेकडीवर आली. मोजपट्टीचं एक टोक धरून मी हजर होतोच.

"इथे टॉवर उभारायला काही अडथळा?" साहेबांनी विचारलं.

मनीषाने खडक पाहिला, उतार पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकच आहे, सर. पण काम संपेपर्यंत आई त्यांना घरात कोंडून ठेवेल."