साफ दिसली पाहिजेत

आमच्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या वेबसाइटवर अगदी आत्ताआत्तापर्यंत लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत असत: ‘नवीन वेबसाइट लवकरच’. ती सरकायला लागली तेव्हा माझे केस काळे होते. मी मंडळाचा सचिव. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुठेतरी सही करायला मिळावी लागते, ती मला इथे मिळत होती.

एक रविवार सोडून एक, दुपारी आम्ही राजा घाटाच्या वरच्या गल्लीत गुरुजींच्या माडीवर जमायचो. गुरुजी अध्यक्ष. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं, आणि ते मला आलं नाही याबद्दल त्यांनी मला कधी माफ केलं नाही. खिडकीतून नदीचा उजेड छतावर यायचा आणि हलत राहायचा. खाली सात म्हातारी डोकी भिंगांवर वाकलेली. कुणी बोलत नसे. कधी चार वाजले आणि कधी दिवा लावायची वेळ झाली ते कळायचं नाही. घरी परतताना गल्लीतली माणसंच मला खोटी वाटायची.

गुरुजींना तिकिटावरच्या चित्रांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा असे तो पोस्टाचा शिक्का. काशीतल्या जमेल तितक्या डाकखान्यांचे, बंद पडलेल्यांचेसुद्धा, शिक्के त्यांनी जन्मभर जमवले होते. “तिकीट हजारो ठिकाणी सारखंच रे,” ते म्हणायचे. “पण हा गोल बघ. या गल्लीतून, या दिवशी, कुणीतरी कुणालातरी काहीतरी कळवलं.” त्या शाईच्या गोलात कुणाची तरी सकाळ अडकून राहिलीय, असं मला त्यांच्यामुळे वाटायला लागलं.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. भिंग पुरेना. एकदा त्यांच्या सुनेने मोबाइलवर एका तिकिटाचा फोटो काढून तो टीव्हीवर लावला. शिक्का थाळीएवढा झाला. गुरुजी खुर्ची ओढून अख्खी दुपार त्याच्यासमोर बसले. संध्याकाळी म्हणाले, “सगळे असे एकदा क्रमाने बघायचेत रे. तेवढं झालं की मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.”

म्हणजे काम ठरलं. सगळा संग्रह मोठा करून वेबसाइटवर चढवायचा. अडचण एवढीच की आमच्यापैकी कुणालाच ते येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूलही करायचं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या, बँकेत, नाशिकहून बदली होऊन आलेल्या, मुन्शी घाटाजवळ राहणाऱ्या. “काका, मी करून देते. रविवारी मोकळीच असते.” त्यांचं मराठी इतकं खळखळीत की आम्हा काशीतल्या मराठी माणसांची तोंडं बंद झाली. मी तिथेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “बरंय. पण आधी अर्ज द्या. डाकेने.”

आमच्याकडे काहीही यायचं ते डाकेनेच, कारण पाकिटावर शिक्का मिळतो. बाई हसल्या आणि दहा मिनिटांच्या अंतरावरून त्यांनी पत्र टाकलं. ते आलं, पण शिक्का पुसट उमटला होता. मी पुन्हा पाठवायला सांगितलं. आज हे लिहितानाही कान गरम होतात. दुसरं पत्र आलं, मग बैठकीत पुरेसे सभासद नव्हते, मग वेबसाइटचा पासवर्ड कुणा बाहेरच्याला द्यावा की नाही यावर चर्चा झाली, आणि चर्चेत होळी येऊन गेली.

शेवटी स्कॅन केलेली चित्रं त्यांच्या हवाली केली. देताना मी बजावलं, “बाकी काही नको, तिकिटं एकदम साफ दिसली पाहिजेत.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दीड महिन्याने त्या लॅपटॉप घेऊन माडीवर आल्या. आम्ही भोवती जमलो. पडद्यावर एकामागून एक तिकिटं यायला लागली, कोरी करकरीत, आत्ता छापल्यासारखी. एका तिकिटावर एक पक्षी होता. इतकी वर्षं ते तिकीट मी पाहत आलो, तिथे पक्षी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. क्षणभर फार सुंदर वाटलं. मग लक्षात आलं की शिक्के नाहीत. एकाही तिकिटावर नाही.

“केवढे डाग होते, काका!” बाई कौतुकाने सांगत होत्या. “एकेक काढायला तास तास लागला.”

मी ओरडलो. “सत्यानाश केलात तुम्ही! गुरुजींचा जीव होता तो, तो पुसून टाकलात!” आणखीही बरंच बोललो. बाईंनी लॅपटॉप मिटला, चप्पल घातली आणि जिना उतरल्या. गुरुजी त्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीला गेले होते, नाहीतर त्यांनी मला आवरलं असतं. मूळ तिकिटं कपाटात सुखरूप आहेत, असं एकाने हळूच म्हटलं. मी त्यालाही झापलं आणि ‘बाहेरच्यांची मदत घेऊ नये’ असा ठराव लिहिला.

पुढे पाणी चढलं. घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या, बैठका बंद पडल्या. मी घरी खिडकीशी बसून असायचो. शहर पाण्यावर तरंगतंय आणि आपणही त्यासोबत कुठेतरी चाललोय, असं वाटायचं. राग मात्र जागच्या जागी होता.

पाणी उतरल्यावर गुरुजींनी बोलावून घेतलं. “तू त्या बाईंना नेमकं काय सांगितलं होतंस? शब्द सांग.”

“तिकिटं साफ दिसली पाहिजेत.”

गुरुजी ठसका लागेपर्यंत हसले. “अरे गाढवा, त्या नाशिकच्या. त्यांच्याकडे साफ म्हणजे स्वच्छ. साफ दिसणं म्हणजे स्पष्ट दिसणं, ‘साफ दिखना’, हे आपल्या घरात शिरून बसलेलं हिंदी, ते त्यांना कसं कळावं? त्यांनी तुझा शब्द पाळला.”

चार पिढ्या काशीत काढूनही आपलं मराठी शाबूत आहे, असा माझा मोठा तोरा होता. तो त्या खुर्चीत बसल्या बसल्या उतरला. मी तसाच उठून मुन्शी घाटाच्या गल्लीत गेलो. बाईंनी कणकेच्या हातांनी दार उघडलं.

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “भाषेचीही आणि तोंडाचीही.”

“आत या ना काका,” त्या म्हणाल्या. मग चहा टाकता टाकता सांगितलं, “शिक्क्यांसकट मूळ स्कॅन ठेवलेत मी. तुम्ही मागाल म्हणून वाट बघत होते. ते चढवायला तीन रविवार पुरतील.”

तीनच रविवार लागले. चौथ्या रविवारी दुपारी माडीवर मोठा पडदा लावला. गुरुजी नवं धोतर नेसून पुढे बसले. बाईंनी पान उघडलं. नेट मंद होतं, पडदा पांढरा आणि मधे एक चक्र फिरत होतं.

गुरुजी पुढे झुकले. नाक पडद्याला लागेल इतके. “वा!” ते म्हणाले. “मणिकर्णिकेजवळचा. बघा, तारखेचा शेवटचा आकडा अर्धाच उमटलाय. शिक्का मारणाऱ्याला घाई असणार.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चक्र अजून फिरतच होतं. मी म्हणालो, “हो गुरुजी, अर्धाच आहे.”

ते पडद्यापासून मागे सरले. मग पाठ टेकून, डोळे मिटून, अगदी वर्गात बोलायचे तशा आवाजात म्हणाले, “बाई, मी क्रमाने सांगत जातो. तुम्ही चित्राखाली लिहून घ्या. पाहणाऱ्यांना उपयोग होईल.” आणि ते सांगत गेले, एकेक डाकखाना, एकेक गल्ली. बाई टाइप करत राहिल्या. दुपारभर कुणी हललं नाही.

निघताना गुरुजींनी माझा हात चाचपडत शोधला आणि धरला. “उशीर तुझ्यामुळे झाला असं मनात आणू नकोस हं.”

पण उशीर माझ्यामुळेच झाला होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.