केझायाने सांगितलेलं नाव

जॉइसने दार अर्धंच उघडलं.

"पुन्हा तुझ्या आजीचंच विचारायला आलीस का? मागच्या वेळी तू गेलीस आणि आमच्या सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत."

"एकच विचारते आणि जाते," थेल्मा म्हणाली.

थेल्मा गार्नर शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची. सुट्टी मिळाली की आपल्या घराण्याची माणसं शोधत गावोगावची चर्चची आवारं पालथी घालायची. आजी केझाया लोकांचे कपडे धुऊन जगलेली विधवा. तिच्यात शोधण्यासारखं काय आहे, म्हणून नवरा चिडवायचा. पण एक गोष्ट थेल्माला स्वस्थ बसू देत नव्हती. समुद्राचा बांध फुटून पूर आला त्या साली केझायाने हे सॉल्टर्स एंड गाव सोडलं. तरी मरेपर्यंत दर वर्षी ती इथे येऊन पेल कुटुंबाच्या थडग्यापाशी बसायची. पेल तिचे नात्यातले नव्हते, नुसते शेजारी. नवरा, बायको आणि लहानगी आयव्ही, तिघंही पुरात गेलेली.

जॉइसची सासू, म्हातारी ऑलिव्ह, खिडकीशी बसली होती. पुराच्या वेळी ती आठ वर्षांची होती आणि केझायाच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तेव्हाचं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मावशी, आजी पेलांच्या थडग्यावर का जायची?"

"जॉइस, चहा टाक," ऑलिव्ह म्हणाली.

जॉइस गेली, पण स्वयंपाकघराचं दार तिने उघडंच ठेवलं.

"तुझ्या आईला सांगणार असशील तर मी तोंड उघडणार नाही," ऑलिव्ह म्हणाली.

"आधी ऐकू तर दे."

ऑलिव्ह बाहेर बघत सांगू लागली. "पाणी चढलं तसे आम्ही सगळे पेलांच्या माळ्यावर गेलो. पेल गाय सोडायला खाली उतरला. त्याला हाका मारत बायको उतरली. उतरताना आयव्हीला केझायाच्या कडेवर दिलं. दुसऱ्या कडेवर तिची स्वतःची रूबी. ती दोघं परत आलीच नाहीत. मग भिंत खचली आणि आम्हीही पाण्यात. माझ्या आईने केझायाला केसांना धरून वर ओढलं, तेव्हा तिच्या हातात एकच मूल होतं."

"माझी आई. रूबी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आयव्ही," ऑलिव्ह म्हणाली. "रूबी नंतर कुंपणात अडकलेली सापडली."

थेल्माने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पोलीस नावं विचारत आला. पोरक्या मुलांना अनाथाश्रमात न्यायचं ठरलं होतं. केझायाचं घर वाहून गेलेलं, नवरा नाही, तिला परक्याचं मूल कोण देणार? ती म्हणाली, ही माझी रूबी, गेली ती आयव्ही. पोलिसाने माझ्या आईकडे पाहिलं. मी बोलणार तोच आईने माझा दंड असा आवळला की वळ उठला. 'हो साहेब,' आई म्हणाली."

"आणि पोटच्या पोरीला आजीने दुसऱ्याच्या नावाने पुरलं?"

"शेजारणीच्या पोरीसाठी रडतात तेवढंच रडली. जास्त रडली असती तर लोकांना संशय आला असता. त्याच दुपारी मुलीला घेऊन गाव सोडलं."

घरी थेल्माची आई बटाटे सोलत बसली होती. "काय कळलं?"

"विशेष काही नाही."

"हातातला रुमाल पिळतेयस. लहानपणीही खोटं बोलताना हेच करायचीस."

थेल्माने सांगितलं. सांगताना तिची नजर आईच्या हातातल्या सुरीवरून हलत नव्हती. सुरी थांबली, पुन्हा चालू झाली, मग टेबलावर ठेवली गेली.

"शेवटच्या आजारात तापाच्या ग्लानीत आईने मला आयव्ही म्हणून हाक मारली होती," रूबी म्हणाली. "कोण आयव्ही, विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं. मग मी कधी विचारलं नाही. मला भीतीच वाटली."

"थडग्यावरचं नाव बदलून घ्यायचं?"

"नाही. तिने जे केलं ते तसंच राहू दे." रूबीने डोळे पुसले. "रविवारी मला ऑलिव्हकडे घेऊन चल."

रविवारी ऑलिव्हने रूबीला खिडकीजवळ ओढून घेतलं आणि चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ निरखला.

"हनुवटी पेलबाईची आहे," ती म्हणाली. "लहानपणी तुला पाहिलं असतं तर मी खरं बोलून गेले असते, म्हणून आईने मला तुमच्याकडे कधी पाठवलं नाही."

रूबी तिच्यासमोर बसली. "कशी होती ती पेलबाई? बोलायची कशी?"

"भांडखोर," ऑलिव्ह म्हणाली, आणि रूबी पहिल्यांदाच हसली.