डाव्या हातानं रंगवलेली भिंत

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भिंतीला रंग द्यायचं. रविवार होता. मी स्टुलावर चढून वरचा भाग करत होतो, बायको खाली मांडी घालून खिडकीखालचा. फिकट पिस्ता रंग, तिनंच निवडलेला. हा दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतोय, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "मग बरंच की. घरातबी तुमास्नी कामावर असल्यागत वाटंल."

चार वाजता आम्ही थांबलो. तिनं चहा केला. कप माझ्या हातात देताना तिनं तो डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि मग दिला. ती डावरी. जेवण सोडलं तर सगळं डाव्या हातानं. असा हात बदललेला मी कधी बघितला नव्हता, त्या दिवशी बघितला. विचारलं तर म्हणाली, खांदा ओढतोय, हाताला मुंग्या आल्यात. मी कपाटातून मलमाची ट्यूब काढली. दवाखान्यात कंपनीची माणसं फुकट देऊन जातात त्यातली. ती पाठमोरी बसली आणि मी तिचा खांदा चोळला. पाठ घामानं ओली होती. थंडीचे दिवस होते, मी स्वतः स्वेटर घालून रंग देत होतो. तरी माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की बाई काम करून दमली.

मी चौथी शिकलो. मला हे लिहायला जमेल का ठाऊक नाही, पण जे झालं ते झालं तसं सांगतो.

निपाणीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. मी तिथं बावीस वर्षं कामाला. लोक कंपाउंडर म्हणतात, पण मी कंपाउंडर नव्हे. सकाळी आठला कुलूप काढायचं, झाडून पुसून घ्यायचं, येईल त्याला नंबरचा बिल्ला द्यायचा आणि आतली बेल वाजली की पुढचा नंबर ओरडायचा. पत्र्याचे गोल बिल्ले, एक ते साठ. त्यावरचे आकडे मीच लाल रंगानं काढलेत. किल्ल्याही माझ्याकडंच.

डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली होती. छातीत दाबल्यासारखं होतंय, डावा हात दुखतोय, घाम फुटलाय, असं कोण म्हणालं तर त्याला बिल्ला द्यायचा नाही, सरळ आत सोडायचं. चिकोडीकडची माणसं कन्नडमध्ये बोलतात, म्हणून त्यांनी मला तेही पाठ करून घ्यायला लावलं. एदी नोवू म्हणजे छातीत दुखणं, यडगै म्हणजे डावा हात. बावीस वर्षांत मी अशी किती माणसं आत सोडली असतील. बाकीचे शिव्या द्यायचे, आम्ही सकाळपासून बसलोय म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. डॉक्टर त्यांना तपासून कोल्हापूरला नाहीतर बेळगावला धाडायचे. त्यातली काही माणसं अजून बाजारात भेटतात, हात करतात.

हे एक सोडलं तर नंबर म्हणजे नंबर. सुरुवातीला एकदा मेव्हण्याला मी मधेच आत घुसवलं होतं. त्या दिवशी एका म्हातारीनं सगळ्यांसमोर माझी लाज काढली. तेव्हापासून घरच्यांनाही रांग. बायको एकदा ताप घेऊन आली, तिला मी चौतीस नंबरचा बिल्ला दिला. ती बाकावर अडीच तास बसली. मी नंबर ओरडत होतो आणि ती माझ्याकडं बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या दारात मी परकीच की वं." मी म्हटलं, तिथं समदेच परके. त्यानंतर ती दवाखान्यात पाऊल टाकायची नाही. ताप आला, खोकला आला, तर मलाच सांगायची. मी डॉक्टरांना विचारून गोळ्या आणायचो. तिला खोकला कायमचा. लग्नाआधीपासून तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिथल्या धुरळ्यानं छाती धरलेली. वखारीतल्या बायका तिला डावरी म्हणूनच हाक मारायच्या.

आम्हाला एकच पोरगी. बेळगावात शहापूरला दिली आहे. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आठव्यात यायची होती. घराला गिलावा होऊन नऊ वर्षं झाली होती, पण रंग कधी लागला नव्हता. बायकोनं हट्ट धरला, की पोरीची खोली तरी रंगवायचीच, सिमेंटच्या भिंतीकडं बघत पोरगी बाळंत व्हायची नाही. रंगारी लावायची ऐपत नव्हती असं नाही. पण मला वाटलं, रविवारी दवाखाना बंद असतो, आपण करू की. चार रविवार, चार भिंती.

पहिल्या रविवारी आम्ही काचपेपरनं भिंती घासल्या. त्याच संध्याकाळी तिनं पहिल्यांदा खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. दिवसभर डावा हात वर करून घासल्यावर डावा खांदा दुखणारच. माझा उजवा दुखत होता. आम्ही हसलोसुद्धा. मी म्हटलं, तुझा डावा आणि माझा उजवा मिळून एक माणूस झाला.

दुसऱ्या रविवारी पुट्टी भरली. त्या आठवड्यात ती बाजारातून येताना वाटेत दोनदा बसली. शेजारणीनं मला सांगितलं. मी तिला विचारलं तर म्हणाली, छातीत गच्च झाल्यागत वाटतंय, हात जड झालाय. मग तिनं विचारलं, "उद्या येऊ का दवाखान्यात?"

हे मी विसरणार नाही. तिनं आपण होऊन विचारलं होतं. इतक्या वर्षांत नाही ते. आणि मी म्हटलं, "सध्या लई गर्दी असतीया. तीस-चाळीसच्या फुडं नंबर जातोय. रंग हुंदे, मग बघू."

ती बरं म्हणाली.

छाती म्हणाली, हात म्हणाली. हेच दोन शब्द परक्या माणसाच्या तोंडून आले असते तर मी हातातला बिल्ला टाकून त्याला धरून आत नेलं असतं. पण ती डावरी होती आणि आम्ही भिंत घासली होती, म्हणून हाताचं कारण माझ्याकडं तयार होतं. खोकला जुना होता, म्हणून छातीचंही. बाहेरच्या माणसाचं दुखणं मला कळायचं कारण तो आदल्या दिवशी काय करत होता ते मला ठाऊक नसायचं. हिचं सगळं ठाऊक होतं.

तिसरा रविवार म्हणजे तो पिस्ता रंगाचा. एका भिंतीचा दुसरा हात चालला होता. चहा झाल्यावर तिनं खिडकीखाली वीतभर जागा तशीच ठेवली. म्हणाली, कडेचं तेवढं उद्या मी एकटी करते, तुम्ही जावा कामाला. ब्रश धुवायला म्हणून मागच्या हौदाकडं गेली. मी वर्तमानपत्र गोळा करत होतो, खाली अंथरलेलं. तांब्या पडल्याचा आवाज आला. तांब्या पडतोच की, म्हणून मी लगेच उठलो नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दोन मिनिटं असतील. मग हौदावरच्या नळाचं पाणी नुसतंच वाहताना ऐकू यायला लागलं, तेव्हा गेलो.

ती हौदाला टेकून बसल्यासारखी होती. ब्रश हातातच.

डॉक्टरांना फोन केला. रविवार असूनही ते दहा मिनिटांत आले, घरच्या कपड्यांवर. नाडी बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावली. मग नळी गळ्यात न अडकवता तशीच खिशात घातली. मी समजलो. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा, आधी काही त्रास होता का? छातीत, हातात?"

मी म्हटलं, "न्हाई. कायबी नव्हतं."

का म्हटलं ते आता कितीही घोळवलं तरी उत्तर एकच येतं. भ्यालो. बावीस वर्षं ज्या माणसानं मला ते दोन शब्द शिकवले, त्याच्यापुढं खरं बोलायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि मृत्यूचा दाखला लिहून दिला.

एकदा खोटं बोललं की ते पुढं आपलं आपण चालतं. शेजारी म्हणाले, काही त्रास न होता गेली, हातपाय चालते असताना गेली. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, पुण्यवान. वखारीतल्या दोघी-तिघी आल्या होत्या, त्यांनी तिचा डावा हात हातात घेऊन बघितला. बोटांना पिस्ता रंग वाळला होता. अंघोळ घालताना तो निघाला नाही. मी सगळ्यांचं ऐकत बसलो आणि कुणालाही नाही म्हणालो नाही.

पोरगी रातोरात येते म्हणत होती, पण तिच्या सासूनं तशा अवस्थेत गाडीत बसू दिलं नाही. सोमवारी सकाळी जावई घेऊन आला. पोटुशी बाईनं मयताचं तोंड बघू नये म्हणतात, म्हणून बायकांनी तिला बोळाच्या तोंडालाच अडवलं आणि शेजारच्या घरात बसवलं. तिथल्या खिडकीतून तिला फक्त तिरडीची मागची बाजू दिसली असेल. जाळून आलो तेव्हा ती घरात होती. रंगाच्या वासानं तिला मळमळत होतं तरी त्याच खोलीत बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "आप्पा, आई फोनवर खांदा दुखतोय म्हणत होती. तुमास्नी काय बोलली न्हाई?"

मी म्हटलं, रंगानं दुखत असंल म्हणली होती. एवढंच. हेसुद्धा खोटंच. पोरगी खिडकीखालची ती वीतभर कोरी जागा बघत राहिली. त्या भिंतीवर माझे फटकारे एका बाजूला कललेत आणि तिचे दुसऱ्या बाजूला. सकाळचं ऊन तिरपं आलं की कुणी कुठपर्यंत काम केलं ते स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, अंघोळ केली आणि किल्ल्या घेतल्या. मेव्हणा म्हणाला, सुतकात कुठं चाललासा, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, किल्ल्या माझ्याजवळ हायत. डॉक्टरांकडं दुसरी किल्ली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

कुलूप काढलं. झाडलं, पुसलं. माणसं यायला लागली. ज्यांना कळलं होतं ती गप्प बसली, ज्यांना कळलं नव्हतं ती डोक्याला पंचा का गुंडाळलाय म्हणून विचारत होती. मी बिल्ले दिले. अकरा झाले. बारावा काढला आणि तो घेऊन बाकावर बसलो, बायको चौतीस नंबर घेऊन जिथं बसली होती तिथं. बेल वाजली की बसल्या जागेवरून पुढचा नंबर सांगायचो. एक म्हातारा म्हणाला, "मामा, तुमीच बिल्ला घेतल्यावर बिल्ला देणार कोण?" मी त्याला तेरावा दिला आणि म्हटलं, बसा, नंबर आला की सांगतो.

बारा नंबरला मी आत गेलो. डॉक्टरांनी वर बघितलं. "अण्णा, तुम्ही कशाला आलात?" मग त्यांचं लक्ष हातातल्या बिल्ल्याकडं गेलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी उभ्यानंच सांगितलं. खांदा, मुंग्या, बाजाराच्या वाटेत बसली ते, घाम. येऊ का म्हणून तिनं विचारलं ते. आणि मी काय उत्तर दिलं ते.

"किती दिवस होतं हे?"

"तीन रविवार."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

मी विचारलं, आणली असती तर वाचली असती का. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही. पण पहिल्या रविवारी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." मला धीर द्यायला ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बाहेर तेरा नंबरवाला खोकत होता.

मी बिल्ला परत डब्यात टाकला. किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, उद्यापासून कुणालातरी बघा म्हटलं. तेरा नंबरला आत सोडलं आणि चालत घरी आलो.

पोरगी त्याच खोलीत होती, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. जावई चहा आणायला गेला होता. मी कोपऱ्यातलं रंगाचं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसलो आणि काचपेपर लावला त्या पहिल्या रविवारपासून सांगायला सुरुवात केली.